अक्काची गच्ची

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुधोळला अंगणात ज्वारी पाखडत होते. "मावशी, माय गेली... झोपेतच," भाचा एवढंच बोलला. आता महिना उलटून गेला, पण अक्का डोळ्यांपुढं येते ती गच्चीवरच, पदर खोचून, वाकून पानं उलटी करून पाहणारी.

माझी ही थोरली बहीण भीमपूरकडच्या वावरात जन्मभर राबली. भाऊजी गेले, तिचे गुडघे थकले, आणि भाच्यानं तिला आदिलाबादला आपल्या घरी आणलं. घर चांगलं, पण भोवती सगळं सिमेंटच. त्या दिवाळीला मी गेले तर अक्का गप्प गप्प. "काऊन वं, बरं नाही का?" मी विचारलं. म्हणाली, "बरी हाव. पण हाताले मातीच लागत नाही..."

मग तिनं गच्ची धरली. भाचा धास्तावला. "माय, मातीच्या वजनानं स्लॅब खचन." अक्का भांडली नाही. "माती कमी घालतो, मंग त?" म्हणाली. विटांवर फुटके टब मांडले, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळला पाला आणि शेणखत; माती फक्त वरून, भाकरीवर तूप लावावं तेवढी. वांगी, मिरच्या, अंबाडी उगवली. उन्हाळा आला तशी गच्ची तव्यासारखी तापली आणि आठवडाभरात सारं करपलं. फोनवर ती रडली. भाऊजी गेले तेव्हाही मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं.

शेजारची तेलुगू बाई कठड्यापलीकडून हे रोज पाहत असे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एका सकाळी ती आपल्या जुन्या साड्या घेऊन आली, न बोलता काठ्या उभ्या केल्या, आणि दोघींनी मिळून सावली बांधली. त्या साड्यांखाली अंबाडी पुन्हा फुटली. शेजारीण बोट दाखवून म्हणाली, "पुंटिकूर!" अक्का म्हणाली, "अंबाडी!" दोघीही हटेनात. शेवटी भाजी एकाच चुलीवर शिजली. हे सांगताना अक्का इतकी हसली, की लग्नाआधीची माझी बहीण फोनवर बोलून राह्यली, असं वाटलं...

तेराव्यानंतर निघायच्या सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुतले आणि पाणी ओतायला मोरीकडं वळले. भाचा दारातून म्हणाला, "मावशी, सांडू नको ते. वर लागते." पातेलं माझ्या हातातून घेऊन तो जिना चढला. टबात हळूहळू पाणी पडल्याचा आवाज आला. मी जिन्याशीच थांबले. अशा वेळी वरून हाक यायची, "ये ना वं, वरतं ये..."