एक ते सात घर बंद

बारावीनंतर मला दोन कॉलेजांत प्रवेश मिळत होता. एक आमच्या कसबा पेठेतल्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, फी अगदी बेताची. दुसरं कात्रजच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर. तिथे वसतिगृह होतं, मोठं मैदान होतं आणि फी अशी होती की आकडा ऐकून आईने लाटणंच खाली ठेवलं. विषय दोन्हीकडे अर्थशास्त्रच.

बाबा एका स्टेशनरीच्या दुकानात कामाला होते. त्यांनी बँकेतून शैक्षणिक कर्जाचा अर्ज आणला आणि म्हणाले, "आधी बघून तर येऊ. आमच्याकडे लोक वहीसुद्धा चाळून घेतात."

रविवारी बसने गेलो. झाडाखाली मुलंमुली तावातावाने कसल्याशा नाटकावर भांडत होती. मी बघतच राहिले. बाबांनी त्यातल्या एकीला सरळ विचारलं, "बाळ, इथे राहून जास्तीचं काय मिळतं?"

ती हसली. "काका, शिकवतात सगळीकडे सारखंच. पण इथे वर्ग सुटला की कॉलेज सुरू होतं."

घरी अर्ज भरायला बसलो तेव्हा हिशोब समोर आला. माझं शिक्षण संपेपर्यंत ते निवृत्त होणार होते. म्हणजे हप्ते मी फेडायचे, आणि पदवी हातात पडताच मिळेल ती नोकरी धरायची. मला तर पुढे एम.ए. करायचं होतं. मीच पेन ठेवलं. "जवळचंच घेते," म्हटलं. बाबा फक्त "बरं" म्हणाले. मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने मात्र कर्ज काढून टेकडीवर प्रवेश घेतला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तास एकला संपले आणि दीडला मी घरी. कडी वाजवली. दुपारच्या सुट्टीत जेवायला आलेल्या बाबांनी दार बोटभर उघडलं.

"दुकान एक ते चार बंद असतं," ते म्हणाले. "आजपासून तुझ्यासाठी घर एक ते सात बंद."

"अहो, पोरगी उपाशी आहे!" आतून आई ओरडली.

"म्हणून तर डबा भरायला लावला." दाराच्या फटीतून डबा बाहेर आला. मग आवाज जरा उतरला. "वसतिगृह आपल्याला झेपलं नाही, हे खरं. पण घर जवळ म्हणून चार तासांत कॉलेज उरकायचं, हे मला चालणार नाही. जा."

मला भयंकर राग आला. पाय आपटत परत गेले आणि लायब्ररीमागच्या पायऱ्यांवर एकटी जेवायला बसले. तिथे माझ्याच वर्गातल्या दोन मुली होत्या, अमरावतीकडच्या, खोली घेऊन राहणाऱ्या. त्यातली एक माझ्या डब्याकडे बघून म्हणाली, "घरची पोळी आहे का गं? आठवडाभर मेसची खाऊन जीव गेला."

तीन पोळ्या तिघींत संपल्या. दुसऱ्या दिवशी आईने सहा दिल्या. त्या पायऱ्यांवर मी वादविवादाची तयारी केली, भित्तिपत्रक लिहिलं, एका एकांकिकेत म्हातारीचं काम मिळवलं आणि एका मुलाच्या प्रेमात पडून सावरलेही. दुसऱ्या वर्षी साताचे साडेआठ व्हायला लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "आता घरही बघत जा अधूनमधून."

एम.ए. झालं. आता मी शिकवते.

गेल्या वर्षी त्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, विश्रांतवाडीला गेले होते. तिचं कर्ज नुकतंच फिटलं होतं. मी विचारलं, "पस्तावलीस कधी?"

"दर महिन्याला, हप्त्याच्या दिवशी," ती म्हणाली. "बाकीचे दिवस नाही. आणि तू?"

खोटं बोलवेना. "कात्रजवरून जाताना अजून मान वळते," मी म्हटलं.

तिने फोनमधले जुने फोटो काढले. पहाटेच्या धुक्यातलं मैदान, तिची खोली, दोरीवर वाळणारे आठजणींचे कपडे. मी एकेक फोटो मोठा करून विचारत गेले, ही कोण, ती आता कुठे असते. तीही उत्साहाने सांगत राहिली. चहा केव्हाच निवून गेला होता.