निळा ढोकळा आणि एक घंटी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जालना शहरात ढोकळा निळा झाला आहे. ही अफवा नाही. मी स्वतः दोन तुकडे खाल्ले आहेत आणि तिसरा बायकोच्या ताटातून उचलला आहे.

ज्या गुजराती हॉटेलात हा प्रकार घडला ते नवीनच उघडलंय. शुद्ध शाकाहारी, पण शेठच्या डोक्यात रोज काहीतरी नवं. तिथे खांडवी बशीतून येत नाही. दोन काड्यांना बांधलेल्या सुतळीवर, चिमटे लावून, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी येते. कढी चहाच्या किटलीतून येते. उंधियु इवल्याशा मडक्यात. झाकण काढलं की धूर, आणि आजूबाजूच्या टेबलांवर मोबाइल वर. अशा जागी मी लहान मुलासारखा हरखतो.

त्या रविवारी दुपारी अण्णांना, म्हणजे वडिलांना, तिथे नेलं त्याला मात्र कारण होतं. आई जाऊन आठ महिने झाले होते. अण्णा रडले नव्हते. आईला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. आई म्हणजे 'ही'. "ही कुठं गेली?" "हिला विचार." दिवसातून पन्नासदा. आठ महिन्यांत तो शब्द घरात ऐकू आला नव्हता. काहीही विचारा, उत्तर एकच: "बराबर आहे." भाजी अळणी, बराबर. चहा गार, बराबर.

माझंही फार वेगळं नव्हतं. तोंड चालू होतं, किस्से चालू होते, लोक हसत होते. पण दाताचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल कसा होतो, तसं आत झालं होतं. चावलं तरी कळू नये.

मी विचार केला, ज्या माणसाने आयुष्यभर ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवली, त्याच्यापुढे निळा ढोकळा ठेवावा. निदान चिडतील तरी.

ढोकळा आला. अण्णांनी पाहिला. खाल्ला.

"अण्णा, निळा आहे तो," मी म्हणालो.

"दिसून राह्यला."

"मंग? कसा लागतो?"

"बराबर आहे."

"अहो, जेवू द्या की त्यांना," बायको म्हणाली. "परीक्षा घेऊन राह्यले का?"

तेवढ्यात शेठ स्वतः आले. तीन पिढ्या जालन्यात गेलेल्या, मराठी आमच्याइतकीच पक्की. "काका, गोकर्णीच्या फुलाचा रंग आहे. बिलकुल घाबरू नका."

"बराबर आहे," अण्णा म्हणाले.

शेठ माझ्या कानाशी वाकले. "काका नाराज आहेत का?"

"छे हो, शेठ. खूश आहेत. फार खूश झाले की असेच बसतात."

बायकोने टेबलाखालून पाय मारला.

तिथे नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा असतो; नाहीतर वाढपी वाढतच राहतो. अण्णा हात धरेनात. कढी आली, प्यायले. पुन्हा आली, पुन्हा प्यायले. चौथ्यांदा किटली वाकली तेव्हा मी पुढे झुकून त्यांच्या ताटावर माझा हात धरला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. कुणाचा आहे असं विचारल्यासारखं.

हात धुऊन निघालो. वाटेत लांब टेबलावर मुखवासाच्या सात बरण्या. आई असती तर तिथून हलली नसती. कुठेही जेवायला गेलो की आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे, आणि ती आत बडीशेपेपाशी, रुमालात पुडी बांधत. अण्णा दारातून ओरडायचे, ती तरी दोन चमचे जास्तच घ्यायची. आम्ही तिघेही त्या बरण्यांवरून न थांबता पुढे गेलो. मी कसलासा विनोद केला. आता आठवत नाही.

दारापाशी पितळेची घंटी टांगलेली, तिला दोरी. खाली पाटी: जेवण आवडलं तर वाजवा. वाजली की सगळे वाढपी एका सुरात ओरडतात, "थँक यू!"

आता हे सांगायला हवं की अण्णा आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, जालना–भोकरदन–जाफराबाद रस्त्यावर. दोरी दोनदा ओढली की गाडी निघते, एकदा ओढली की थांबते. हा कायदा आमच्या घरी पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असायचा.

"वाजवा ना, अण्णा," बायको म्हणाली.

"डबल द्या, अण्णा," मी म्हणालो. "निघू द्या गाडी."

अण्णांनी दोरीकडे न बघता हात वर नेला आणि ती बराबर पकडली. ओढली. टण्ण.

"थँक यू, काका!" मागून आरोळी आली.

मी दुसऱ्या टोल्याची वाट पाहत उभा राहिलो. दुसरा टोला पडला नाही. दोरी हातात तशीच घट्ट, आणि अण्णांची मान मागे वळलेली, त्या बरण्यांच्या टेबलाकडे. इंजिनाच्या आवाजावरून ड्रायव्हरपर्यंत पोहोचायचा तो जुना आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. सगळ्या हॉटेलाने ऐकला.

"थांबा हो! ही यायची राह्यली!"