अंबाडीवाली

बायको गेल्यापासून मी चहा-बिस्किटावरच दिवस काढून राह्यलो. डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे, पालेभाजी खा. म्हणून बोथच्या आठवडी बाजारात एका बाईकडून अंबाडी घ्यायचो. शिजवता येत नाही, मग शेजारच्या शेळीला घालायचो. ती बाई पानांवर पाणी शिंपडता शिंपडता गिऱ्हाइकाचं तोंड निरखायची. परवा तिनं मला थांबवलं.

"बाबा, ओठ फाटले तुमचे. माझी भाजी कोन खाते?"

"शेळी."

"मंग शेळीच जगन, तुमी नाही."

तिनं आपला डबा उघडून अर्धी भाकर अन् अंबाडीची भाजी माझ्या हातावर ठेवली. मी खाईपर्यंत समोरून हलली नाही. भाजीत मीठ जास्त होतं, तरी सगळी संपवली. समोर कोणी बसलं की घास उतरतो. पण बाजार काही रोज भरत नाही.