सी-सतरा नंबरच्या घरी अकरा भेटी

सर्व भाविकांस आणि अभाविकांसही कळविण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, छत्रपती संभाजीनगर येथील एका पाळकाचे समस्त काम अखेर एक्सेल शीटमध्ये बसविण्यात यश आले आहे. रकाने सव्वीस. पाळक एक. तो मी.

हे यश आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी सुहास साळवे यांचं. साळवेसाहेब चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर आहेत. माणूस कामाचा आणि प्रामाणिक. फक्त समोर माणूस दिसला की त्यांना त्याचं मूल्यमापन करावंसं वाटतं. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये ते माझं करत होते.

पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू. कोणी पाद्री म्हणतं, रिक्षावाले फादर म्हणतात. आमच्या पंथात पाळकाला लग्न करता येतं, त्यामुळे मला वर बिशपसाहेब आणि घरी बायको असे दोन वरिष्ठ आहेत. लग्नं लावायची, बाप्तिस्मा द्यायचा, गेलेल्याला माती द्यायची, आजाऱ्याजवळ बसायचं, भांडलेल्या भावांना एका बाकावर आणायचं आणि रविवारी उपदेश करायचा. लोकांना त्यातला फक्त रविवार दिसतो. "तुमचं बरंय, आठवड्यातनं एक दिवस ड्युटी," असं मला आजवर एका डॉक्टरनं, दोन पोलिसांनी आणि माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं ऐकवलेलं आहे.

साळवेसाहेबांनी 'पाळकाच्या भूमिका व जबाबदाऱ्या' असा सात पानी दस्तऐवज काढला होता. उपदेश अठरा मिनिटं. अंत्यविधीला पोहोचण्याचा वेळ पंचेचाळीस मिनिटं, ट्रॅफिक धरून. घरभेटींची नोंद रोजच्या रोज. आणि सभासदांची प्रायव्हसी जपायची म्हणून प्रत्येक घराला कोड. चिकलठाण्याची घरं 'सी', करमाडची 'के'. मीटिंगमध्ये नाव उच्चारायचं नाही, कोडच बोलायचा. म्हणजे रूथबाईंच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायची, तर ती के-चारच्या गुडघ्यासाठी.

"पाळकसाहेब," साळवे चष्मा पुसत म्हणाले, "नोव्हेंबरमध्ये सी-सतराला अकरा भेटी. बाकीच्यांना एक-एक, दोन-दोन. हे काय आहे?"

"भेटी आहेत."

"अकरा?"

"लागल्या."

"कशासाठी?"

"ते सांगता येत नाही."

कमिटीतले एक वयस्क सभासद पगारेमामा एवढा वेळ डोळे मिटून होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस, बसल्या जागी झोपू शकतो. त्यांनी एक डोळा उघडला.

"हा फेवरिटिझम आहे," साळवे म्हणाले. "एका घराला तुम्ही अकरा वेळा जाता, सकाळी अकरा वाजता, घरातले कर्ते लोक ड्युटीवर असताना. लोक काय म्हणतील? समाधानकारक उत्तर नसेल तर मला बिशपसाहेबांना बदलीची शिफारस करावी लागेल. कन्नडची जागा रिकामी आहे."

कन्नडबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझी बायको इथल्या शाळेत शिकवते, आणि वर्षाच्या मध्येच बिऱ्हाड हलवायचं म्हणजे त्या दुसऱ्या वरिष्ठांना काय तोंड दाखवणार? उत्तर माझ्याकडे होतं. चांगलं खणखणीत होतं. पण ते माझं नव्हतं.

सी-सतरामध्ये एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात, मार्थाबाई. आमच्याकडे उपासनेत शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, उतारा सभासदानं वाचायचा असतो, आणि महिन्याचा तिसरा रविवार कित्येक वर्षं मार्थाबाईंचा. ऑक्टोबरच्या अगदी शेवटी त्यांनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, अक्षर दिसंना झालंय. डाक्तर म्हनतो आता येवढंच. पोराला सांगायचं नाय. त्यानं पगारेमामाची घंटा काढून घेतली, माझं वाचन ठिवील व्हय?"

खरं होतं. पगारेमामा रविवारची घंटा वाजवायचे. सेफ्टीच्या कारणास्तव आता ती टायमरवर वाजते. दोन मिनिटं उशिरा.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"तुमी म्हना, मी पाठ करते. पुस्तक म्होरं उघडं ठिवायचं. कोन बघतंय?"

मी पाळक आहे. खोटं वागू नये असं मी दर रविवारी अठरा मिनिटं सांगतो. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बसलो. डिसेंबरसाठी त्यांना मिळालेला उतारा कोणता, तर येशूची वंशावळ. नाताळच्या आधी ती वाचतात. अब्राहामापासून चाळीसेक नावं, आणि एकही नाव गल्लीत हाक मारायच्या सोयीचं नाही. डोळे धड असलेले लोकही त्या रविवारी नेमके आजारी पडतात.

मी तीन नावं म्हणायचो. मार्थाबाई लसूण सोलत ती घोकायच्या.

"यहोशाफाट," मी म्हणालो.

"लई लांबलचक. ह्याच्या आईनं ह्याला जेवाया कसं बोलावलं आसंल?"

प्रत्येक नावाला त्यांनी कॉलनीतला एकेक माणूस लावून ठेवला. योराम म्हणजे कोपऱ्यावरचा चक्कीवाला, उज्जीया म्हणजे वरच्या मजल्यावरचा गोरा म्हातारा. अशा अकरा सकाळी आम्ही कॉलनीभर हिंडून बेथलेहेमला पोहोचलो.

हे सगळं गिळून मी मीटिंगमध्ये बसलो होतो.

"कलम नऊ वाचा," मी म्हणालो. "सभासदाने विश्वासाने सांगितलेली बाब पाळक गुप्त ठेवील. तुम्हीच लिहिलंय."

"कलम नऊला मर्यादा आहेत."

"साहेब," पगारेमामांनी दुसराही डोळा उघडला, "हे सी-सतरा हाय तरी कोन? बगा की उगडून. आमाला पन कळू द्या येवढं लाडकं गिऱ्हाईक."

"मामा, प्रायव्हसी..."

"बदली करायलेत मानसाची, अन् प्रायव्हसी कुनाची धरून बसलेत? नावावर बोट ठिवल्याबिगर मी सही करनार नाय."

साळवेंनी लॅपटॉप ओढला. कोडची यादी उघडली. बोट खाली सरकत गेलं. सी-पंधरा. सी-सोळा. मग थांबलं आणि तिथंच राहिलं. कान लाल झाले.

"काय वो?" पगारेमामा वाकले. "साळवे, मार्थाबाई. साळवे, सुहास. आरारारा! हे तर तुमचंच घर!"

ज्या माणसानं सगळ्या घरांना नंबर दिले, त्याला स्वतःचा नंबर आठवत नव्हता. मला हसू आलं. ते मी खोकल्यात घातलं. एवढं आम्हाला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवायच्या कॉलेजात, शिकवतात.

"माझ्या घरी?" साळवेंचा आवाज उतरला. "आईकडे? काही झालंय का तिला?"

"कलम नऊ," मी म्हणालो. या वेळी मला ते म्हणताना मजा वाटली नाही.

बदलीचा विषय साळवेंनी स्वतःच मागे घेतला. मिनिट्समध्ये 'सी-सतरा : खुलासा प्राप्त' असं लिहिलं. खुलासा मी दिला नव्हता, त्यांनी मागितलाही नाही. या सगळ्यातून घ्यायचाच तर धडा एवढाच की, जगाचे नंबर पाडणाऱ्यानं आपला नंबर पाठ ठेवावा.

घरी त्यांनी आईला विचारलं. मार्थाबाई म्हणाल्या, "प्रार्थनेला येतात. तुला बसायचंय का? बस की, रजा काढून." पुढचा प्रश्न साळवेंनी विचारला नाही. पण तिसऱ्या रविवारी, एरवी मागे उभं राहून डोकी मोजणारा हा माणूस पहिल्या बाकावर येऊन बसला, शास्त्र मांडीवर उघडं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मला बोलायला जागा उरणार नाही. तिसरा रविवार आजही मार्थाबाईंचाच आहे. यादीत त्यांचं नाव साळवेंच्या अक्षरात आहे, कोडशिवाय. आता उतारे तेच बसून पाठ करून घेतात, आणि माझ्या भेटी महिन्याला दोनवर आल्या आहेत.

तर, त्या रविवारी मार्थाबाई पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, चढल्या. पदर नीट केला, पुस्तक उघडलं, चष्मा लावला. अब्राहाम, इसहाक, याकोब. आवाज असा की शेवटच्या बाकावरचे कुजबुजणारेसुद्धा गप्प झाले. यहोशाफाट सुखरूप पार पडला. चक्कीवाला गेला, वरचा म्हातारा गेला. वंशावळीत मध्येच बाबेलच्या बंदिवासाचा उल्लेख येतो, त्यापाशी त्या थांबल्या. तिथं पोटभर दम घ्यायचा आणि मगच पुढच्या नावांना हात घालायचा, असं आमचं ठरलेलं होतं.

साळवेंना ते कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, आई अडली. पुढचं नाव सुचवायला ते अर्धवट उठले. घाबरलेल्या माणसाची कुजबुज फार मोठी असते.

"आई! शल्तीएल! शल्तीएल!"

मार्थाबाईंनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. माईक चालू होता. सगळं चर्च ऐकत होतं.

"गप बस रे सुहास, मधी मधी बोलू नको! पाठ हाय मला सगळं!"