मोहाखालचं बी. ए.

लोक बी. ए. व्हायला कॉलेजात जातात. मी हायस्कुलात असतानाच अर्धं बी. ए. पायांनी केलं, आणि तेही दुसऱ्याचं. त्या थकव्याची झोप माझी अजून पुरी झालेली नाही. तेव्हा सांगता सांगता मध्येच जांभई आली तर राग मानू नये.

आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूचं. तिथून हायस्कूल दोन कोस. पायांना विचाराल तर वीस. मध्ये सगळं रान. मराठीचे मास्तर आमच्याच गावात राहायचे, म्हणून आम्ही दोघं रोज बरोबर जायचो. मास्तर माणूस म्हणून देव, पण बसला की झोपला. पहाटे उठून धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पाहायची, घरात पाच लेकरं, आणि शाळेत आजारी-बिजारी सगळ्यांचे तास यांच्याच गळ्यात. घास हातातून तोंडापर्यंत जाईतो त्यांची एक डुलकी व्हायची. एकदा न्हाव्यापुढे बसले आणि उठले तेव्हा मिशी गायब. शाळेत गेले तर हेडमास्तरांनी नवीन मास्तर समजून त्यांना नाव-गाव विचारलं.

अशा माणसाला शाळेच्या कमिटीने बजावलं, वरचे वर्ग शिकवायचे तर यंदा बी. ए. होऊन दाखवा, नाही तर जागा असेल तिथे प्रायमरीवर जा. मास्तरांनी बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला, नागपूरहून पुस्तकं आणली. पण पुस्तक उघडायचं तर बसावं लागे, आणि बसलं की कारभार आटोपला.

"तू वाच," एक दिवस वाटेत ते मला म्हणाले, "अन् मले चालता चालता सांग. चालताना मी जागा असतो."

"गुरुजी, मी तं अजून मॅट्रिकबी नाई."

"मंग मॅट्रिकच्या आधी बी. ए. हो. कोनं अडवलं तुले?"

कोणीच अडवलं नाही, हीच तर पंचाईत झाली. दिवसा शाळेचं गणित, संध्याकाळी कंदिलापाशी रस, अलंकार, शब्दशक्ती. कळायचं थोडं, पाठ व्हायचं सगळं. माझ्या वयाची पोरं विटीदांडू खेळत होती, तेव्हा मी शृंगाराचे दोन प्रकार घोकत होतो, आणि दोन्हींशी माझी ओळख नव्हती.

परीक्षा जवळ आली तशी रानातल्या मोहाच्या झाडांची फुलं गळायला लागली. पहाटे त्या फुलांवर अस्वलं येतात. म्हणून त्या दिवसांत वाटेने जाणारा माणूस मोठमोठ्याने बोलत जातो. अस्वलाला आधी चाहूल लागली तर ते बाजूला होतं. एकदम समोरासमोर आलं तर तोंड फोडून ठेवतं. बाकीचे लोक गाणी म्हणायचे, नाही तर सोबतच्या बैलांच्या आई-बापांचा उद्धार करायचे. आम्ही काव्यशास्त्र ओरडायचो.

"व्यंजना कायले म्हणते?" मास्तर गरजायचे.

"जे शब्दात सांगतलं नाई, पण समजते, त्याले!" मी घसा फाडून उत्तर द्यायचो.

न बोलता सांगायची ती गोष्ट आम्ही अशी सांगायचो की पलीकडच्या टेकडीवरून परत यायची. त्या वर्षी आमच्या रानातली अस्वलं वक्रोक्तीपर्यंत आली होती. एक म्हातारं तर लक्षणेचं उदाहरण ऐकल्याशिवाय झाडाखालून हलायचंच नाही. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

मोह वेचणारी गावातलीच एक बाई रोज हा गोंधळ ऐकायची. एक दिवस तिने टोपली खाली ठेवली आणि आम्हाला अडवलं.

"मास्तरभाऊ, रोज रोज या पोट्ट्यासंगं भांडता काऊन?"

"भांडण नाई बाई, अभ्यास करून राह्यलो."

"मंग सांगून तो राह्यला, अन् मुंडी तुमी हालवून राह्यले. दोघातला मास्तर कोन?"

"सध्या तं हाच आहे," मास्तर म्हणाले.

"अवो माय! मंग छडी त्याच्यापाशी द्या ना!"

मास्तर खळखळून हसले. पण तयारी पक्की झाली होती. कुठलाही प्रश्न टाका, चालता चालता उत्तर तयार. एका संध्याकाळी मात्र ते दम खायला दगडावर बसले आणि मी सहज तोच व्यंजनेचा प्रश्न विचारला. "हं," एवढं म्हणाले आणि घोरायला लागले.

"गुरुजी," मी त्यांना हलवून म्हटलं, "परीक्षेत तीन तास बसावं लागते."

"ठाऊक आहे मले."

त्यानंतर त्यांनी सगळे उपाय केले. डोळ्यांत कांदा पिळला. बाभळीची फांदी मांडीखाली घेऊन बसले, तर काट्यांनाच झोप लागली. मग ते नागपूरला गेले. परत आले तेव्हा मी त्यांना वाटेवरच गाठलं.

"बाकीचे पेपर गेले बरे," ते म्हणाले. "बेंचाखाली पाय चालवत राह्यलो. बाजूचा म्हणे, भाऊ, शिवायची मशीन आणली का?"

"अन् काव्यशास्त्राचा?"

त्यांनी चाल वाढवली.

"पयला प्रश्न वाचला. सारं येत होतं रे. म्हटलं सुरू कुठून करावं, जरासे डोळे मिटून पाहू."

"मंग?"

"मंग घंटा झाली."

"कोनं उठवलं नाई?"

"देखरेखवाला दोनदा जवळ आलता म्हणे. त्याले वाटलं, मास्तर विचार करून राह्यले."

मी फसकन हसलो. तेही हसले.

निकाल लागला. एका पेपरात गेले होते. कमिटीने थांबायचं नाकारलं आणि मास्तरांना एटापल्लीच्या बाजूला, पहिली ते चौथीच्या शाळेवर जागा मिळाली. निघायच्या सकाळी मी गेलो तेव्हा बैलबंडी भरून झाली होती, लेकरं सामानावर चढली होती. मास्तरांनी मला बाजूला घेतलं.

"त्या पेपरात पयला प्रश्न होता, करुण रसानं आनंद काऊन होते? सांग बरं."

बंडीच्या चाकापाशी उभा राहून मी सांगितलं. ओरडायची गरज नव्हती, आवाज बारीकच निघाला. मास्तरांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

"चला ना जी, ऊन चढून राह्यलं," बंडीतून त्यांच्या बायकोने हाक दिली.

"दहापैकी सात," मास्तर मला म्हणाले. "दोन मुद्दे सोडले तू."

आणि बंडीच्या दांडीवर हात ठेवून, उभ्या उभ्या, त्यांनी ते दोन्ही मुद्दे सांगितले. अगदी बरोबर होते.