मामाच्या मनगटातली दोरी

मामाला स्वतःच्या हाताचा इतका वैताग आयुष्यात कधी आला नव्हता. दिवसभर दुकानात किल्ल्या घासायच्या, अडकलेली कुलपं उघडून द्यायची, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची, आणि संध्याकाळी घरी येऊन जरा पाठ टेकावी तर भाची समोर हजर. मामा, हात दे. झालं सुरू. अंगठा करंगळीला टेकव, मनगट आत वाकव, इतकं नको, थोडं कमी. असं केलं की म्हणे मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक कंडरा ताणून वर येते, दोरीसारखी. मामीची यायची. भाचीची स्वतःची यायची. मामाची मेली काही केल्या येत नव्हती.

भाची म्हणजे त्याच्या बहिणीची मुलगी. तिला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला तो नेमका मामाच्या शहरात, म्हणून ती त्याच्याकडे राहायला आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मामा पहिल्याच दिवशी बोलून गेला, आणि मामीने डोळे वटारल्यावर गप्प बसला. पण त्याचं चुकलं काय? कपाटात त्याच्या इस्त्रीच्या शर्टांखाली मांडीचं हाड आलं. जेवायच्या टेबलावर कवटी आली, आणि ती उचल म्हटलं तर आधी तिच्यातल्या भोकांची नावं ऐकावी लागत. त्यात शेजारपाजारचे आपापले खोकले आणि गुडघे घेऊन दारात उभे राहायला लागले. त्यांना मामाच परस्पर वाटेला लावायचा. पहिल्या वर्षाला रोग नसतो, औषध नसतं, धडधाकट माणूस आतून कसा बांधलाय आणि कसा चालतो एवढंच असतं, पी हळद हो गोरी असलं काही नसतं, चार-पाच वर्षांनी या. हे सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता.

हेही त्याने चालवून घेतलं असतं. पण सहामाही परीक्षेत भाची शरीररचनेत नापास झाली. लेखी पेपर उत्तम होता. तोंडी परीक्षेत बोट ठेवून दाखव म्हटलं की तिचं बोट थरथरायचं. इथे असेल, नाहीतर इथे, तुम्ही म्हणाल तिथे, असा सगळा कारभार. मेहुण्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, वार्षिक परीक्षेत असंच झालं तर सरळ घरी यायचं, डॉक्टरकी बास. तेव्हापासून पोरगी मामाच्या हाताच्याच मागे लागली होती. बाकी सगळं तिला सापडायचं, नाडी सापडायची, कोपरामागची ती झिणझिण्या आणणारी नस सापडायची, पण ही दोरी सापडेना. ती दाबून बघे, चिमटीत धरून बघे, दिव्याखाली नेऊन बघे. मामाच्या मनगटाला लाल वळ उठले.

"अगं, नसेल मला!" मामा एकदा ओरडलाच.

असं कसं नसेल, पुस्तकात आहे, मामीला आहे, माझंच चुकतंय, असं म्हणून भाची रडायला लागली. मग डोळे पुसून तिने जाहीर केलं की तिच्या बोटांत अक्कलच नाही, ती परीक्षेला बसणार नाही, बाबांना न्यायला बोलवा. मामाचं डोकंच फिरलं. वर्षभर घरात हाडं सांभाळली ती काय यासाठी? दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि तडक कॉलेज गाठलं.

शरीररचना शिकवणाऱ्या बाई पांढऱ्या कोटात, नाकाला झोंबणाऱ्या औषधाच्या वासात उभ्या होत्या. मामाने नमस्कार-चमत्कार काही न करता बाही वर केली, अंगठा करंगळीला टेकवला आणि हात पुढे केला. म्हणाला, यातली दोरी शोधून दाखवा, नाहीतर मुलांना छळणं बंद करा. बाईंनी दोन्ही मनगटं नीट चाचपली आणि शांतपणे सांगितलं की त्याला ती नाहीच. जन्मापासून नाही. पुष्कळांना नसते, त्यावाचून काही अडत नाही, आणि हे वर्गात शिकवून झालंय.

"मग ती पोरगी रडतेय कशाला?" मामा खेकसला.

"तिला सापडली नाही. मग 'नाही' असं म्हणाली का ती?"

"ती म्हणते, मला येत नाही."

"तेवढंच शिकायचं राहिलंय तिचं," बाई म्हणाल्या.

घरी येऊन मामाने हे जसंच्या तसं सांगितलं. काहींना नसते हे वाक्य भाचीला तोंडपाठ होतं, पान कुठलं तेसुद्धा. पण ते 'काही' म्हणजे पुस्तकातले कोणीतरी, त्यांत आपला मामा असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. काखेत कळसा, गावाला वळसा! मामाला हसावं की रडावं कळेना. शरीरातला एक भाग कमी निघाला म्हणून तो थोडा हिरमुसलाही होता. "एकच ना?" मामीने विचारलं.

भाची परीक्षेला बसली. त्या दिवशी मामाने दोन किल्ल्या चुकीच्या घासल्या आणि गिऱ्हाइकालाच झापलं. भाची थेट दुकानात आली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी स्वतःचं मनगट वाकवून पुढे केलं होतं आणि तीच दोरी दाखवायला सांगितली होती. आधीच्या मुलांनी झटकन बोट ठेवलं होतं, ही इथे सर. भाचीने चाचपलं, पुन्हा चाचपलं. या वेळी बोट थरथरलं नाही.

"सर, तुम्हाला ती नाही," ती म्हणाली.

परीक्षक हसले आणि त्यांनी बाही खाली केली. पास. मामाला इतका आनंद झाला की तो चिडलाच. नसेल मला म्हणून मी बोंबलत होतो, तेव्हाच माझं ऐकलं असतंस तर?

"आता ऐकीन," भाची म्हणाली.

सुट्टी लागली तशी ती आईकडे गेली. हाडं ज्याची त्याला परत गेली, टेबल मोकळं झालं, घर कसं शांत. त्या संध्याकाळी मामा दुकानातून आला, हातपाय धुतले, आणि नेहमीच्या खुर्चीत बाही वर करून बसून राहिला. मामीने विचारलं, बाही कशाला वर केलीय.

"उकडतंय," मामा खेकसला.

मामीने उठून पंखा लावला.