शीतगोदामाखालची जमीन

कुवेतमध्ये जमीन गोठते असं सांगितलं तर माझ्या माहेरी कोणी विश्वास ठेवत नाही. माहेर नांदेडचं, तिथल्या माणसांना ऊन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण मी ज्या कंपनीच्या इमारतींची देखभाल बघते, तिच्या एका शीतगोदामाखालची जमीन खरोखर गोठली होती, आणि त्यात एका माणसाचा जीव जाता जाता राहिला.

तो गुहागरकडचा, साधारण माझ्याच वयाचा. इथे एकटाच राहायचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. मी मराठी आहे हे कळल्यावर मॅडमची ताई झाले. मांसाच्या खोलीतली फरशी फुगलीय हे पहिल्यांदा त्यानेच सांगितलं.

"ताई, मधनं जाताना गाडी होडीसारखी वर चढते. रॅकसुद्धा कलायला लागलेत."

मी आत जाऊन पाहिलं. खोलीच्या मध्यापासून कोपऱ्यांपर्यंत काँक्रीटला तडे गेले होते. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत उणे वीसच्या आसपास. कॉलेजात सायबेरियाबद्दल शिकलेलं आठवलं. जमिनीतलं पाणी गोठलं की जमीन फुगते आणि पाया उचलते. वितळलं की तीच जमीन चिखल होऊन खचते. म्हणून तिकडे घरं खांबांवर उभी करतात, घराची ऊब खाली उतरू नये म्हणून. आमच्याकडे उलटं, थंडी खाली उतरायला नको. त्यासाठी फरशीखालून पाइप टाकलेले असतात आणि त्यांतून बाहेरची गरम हवा खेळती राहते. आवाराचं डांबरीकरण करताना त्या पाइपांची तोंडं बुजवली गेली होती. ती कशासाठी आहेत हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. समुद्र जवळ असल्यामुळे पाणी थोडंच खाली, आणि भरावाची माती गाळासारखी बारीक. ती माती खालचं पाणी वर ओढत राहिली आणि बर्फ वाढत गेला.

"खोली रिकामी करायला हवी," मी मॅनेजरना सांगितलं.

"ईद होऊ दे. आता माल कुठे हलवू?" ते म्हणाले. पुन्हा सांगितलं, तेव्हाही हेच उत्तर मिळालं.

ईदच्या आधीच एका दुपारी मी फरशीची उंची मोजायला गेले. मला वाट मोकळी करून द्यावी म्हणून तो गाडी बाहेर ठेवून खोकी सरकवायला आत गेला. फरशीबरोबर दाराची चौकटही तिरकी झाली होती, दार बरेच दिवस घासत होतं. त्याच्या मागे ते बंद झालं आणि तिथेच रुतलं. त्याने आतून सुटकेची कळ दाबली, ती चालली, पण दार जागचं हललं नाही.

बाहेरून पहारी लावून पाहिल्या. मग देखभालीच्या माणसांनी शेजारची भिंत ग्राइंडरने कापायला घेतली. ती भिंत जाड होती. मी दाराच्या फटीला तोंड लावून उभी राहिले.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

"बसू नका. फिरत राहा. माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"घरी कोण कोण असतं?"

"आई. बायको. मुलगी बारावीला आहे." थोडा वेळ फक्त पावलं ऐकू आली. "अंगणाला चिऱ्यांचा गडगा घालायचा राहिलाय. यंदा जाऊन घालणार होतो."

"मग जा आणि घाला."

आतली पावलं थांबली. मी हाक मारली, परत मारली. मग आवाज आला, अगदी हळू.

"ताई, हात माझे वाटत नाहीत."

हातमोजे निसटत होते म्हणून त्याने ते काढून उघड्या हातांनी दार ओढलं होतं. भिंतीतून त्याला बाहेर काढलं तेव्हा बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. इस्पितळात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली.

मग कोणी ईदचं नाव काढलं नाही. खोली रिकामी झाली, मशीन बंद झालं. मॅनेजरना मोठे हीटर लावून काम लवकर संपवायचं होतं. "बर्फ एकदम वितळला तर पाणी जायला वाट नाही, खांब बसतील," मी म्हटलं. या वेळी त्यांनी ऐकलं. आम्ही पाइप मोकळे केले आणि जमीन महिनोन्महिने आपल्या गतीने वितळू दिली. तरी एक खांब खचलाच, आणि त्या बाजूची अर्धी खोली पाडावी लागली.

वितळणं सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर फरशी फोडून खणलं, त्या दिवशी तो आला. हाताला अजून पट्टी होती. खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. खोलवर अजून न वितळलेल्या मातीत बर्फाचे पांढरे पापुद्रे दिसत होते.

"एवढासा?" त्याने विचारलं.

"एवढाच. पण थरावर थर."

तो वाकून बघू लागला. बर्फाला हात मात्र त्याने लावला नाही.

शीतगोदामात कामाला तो परत गेला नाही. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, बदलून दक्षिणेकडच्या वफ्रातल्या शेतांवर एका हरितगृहात लागला. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी मुलीला घेऊन एगैलातल्या आमच्या घरून त्याला भेटायला गेले. आत दमट उकाडा होता, वेलींना काकड्या लटकल्या होत्या. मुलीने त्याच्या बोटांकडे बघून इंग्रजीत विचारलं, अजून दुखतं का.

"थंडीत दुखतं," तो मराठीत म्हणाला. "इथे नाही दुखत."

मग तो तिला वेल सुतळीवर कसा चढवायचा ते दाखवू लागला. गाठ मारायला त्याला वेळ लागत होता. ती सुतळीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.